जुनी विलायती स्पोर्ट्स मोटार : घ्यावी तर कोणती?

छंद म्हणजे पैशाचा चुराडा, असें आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी म्हणत आली आहेत. आणि छंद जुन्या मोटारीचा असेल तर तें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु आज आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलें-मुली इंग्लंडांत स्थायिक झालीं आहेत. आणि त्यांपैकीं कोणी पन्नास वर्षांपूर्वींची, उघड्या टपाची विलायती मोटार घेण्याचें मनांत आणल्याचें कळविलें, कीं इकडे आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांच्या कपाळास आठ्या पडतात. आमच्या मतें मोटार जुनी कीं नवी हा प्रश्नच नव्हे. संसाराला धक्का न लावतां ही हौस भागते कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. आणि तें मोटारीच्या निवडीवर अवलंबून आहे.

जग्वार ई-टाइप किंवा मोठी ऑस्टिन-हीली यांचीं नांवें प्रथम बाजूस सारूं. त्या देखण्या खऱ्या, पण मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या आटोक्याबाहेरच्या. परवडणारी निवड मुख्यतः तिघींमधली : एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर आणि एमजी मिजेट. या स्वस्त राहिल्या याचें पहिलें कारण त्यांची विपुलता. १९६२ ते १९८० या काळांत ॲबिंग्डनच्या कारखान्यांतून पांच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. त्याच काळांत स्पिटफायरही तीन लाखांवर तयार झाल्या. दुसरें कारण असें कीं, त्यांचीं यंत्रें घरगुती मोटारींच्याच कुळांतलीं. एमजीबीचें १७९८ सी.सी.चें इंजिन आपल्या अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सी.सी. इंजिनाचें थोरलें भावंड. आणि स्पिटफायर ज्या ट्रायम्फ हेरल्डवर बेतली, तीच हेरल्ड मद्रासेस स्टँडर्ड हेरल्ड या नांवानें बनत असे. ज्या यंत्रांनीं आपल्या वडिलांच्या पिढीस घाट चढविले, त्यांच्याच नात्यांतल्या या मोटारी होत!

आतां तिघींचे स्वभाव पाहूं. मिजेट सर्वांत लहान व खेळकर. पण उंच माणसानें तींत बसणें म्हणजे योगासनच. स्पिटफायरचें रूप मिकेलोत्ती या इटालियन कलावंतानें रेखिलें. तिचें सबंध बॉनेट पुढें उलटतें, इंजिन चोहोंकडून मोकळें होतें आणि पुढच्या चाकावर बसून काम करतां येतें. यंत्रविद्या स्वतःच्या हातानें शिकूं इच्छिणाऱ्यास याहून चांगली शाळा नाहीं. मात्र १९७० पूर्वींच्या स्पिटफायरमध्यें एक खोड आहे. वेगानें वळण घेत असतां एकाएकीं ब्रेक दाबला, तर मागचें चाक आंत दुमडूं पाहतें व गाडी फिरते. १९७० च्या चौथ्या आवृत्तींत ही खोड बरीच दूर झाली. नवशिक्यानें त्यापुढचीच पाहावी. एमजीबी तिघींत जड, पण शांत आणि सोशिक. १९६५ पासून तिची जीटी नांवाची बंद टपाची जातही निघाली.

निवड कोणतीही करा, खरा शत्रु एकच, आणि तो म्हणजे गंज. इंजिन बिघडलें तर दुरुस्त होतें आणि तेंहि बेताच्या खर्चांत. पत्रा कुजला तर मोटारीच्या किंमतीहून दुरुस्तीच महाग पडते. एमजीबीला वेगळा सांगाडा नाहीं. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, ज्यांस सिल म्हणतात, तिचा बराचसा भार असतो. त्या सडल्या म्हणजे घराचा पायाच खचला. म्हणून रंगाच्या चकाकीकडे पाहूं नये. दार उघडून पाहावें. तें खालीं लोंबत असेल किंवा त्याच्या कडेची फट वरखालीं सारखी नसेल, तर संशय घ्यावा. लहानसें लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं तेथें रंगाखालीं पुट्टी भरलेली आहे असें समजावें. आणि मोटार उंच चढवून तिचें पोट पाहिल्यावांचून पैसा देऊं नये. एमजीबीचें सबंध नवें कवच १९८८ पासून इंग्लंडांत पुन्हां बनूं लागलें हें खरें, पण त्याचा खर्च विचारांत घेतला तर आधींच चांगली मोटार निवडणें शतपटीनें शहाणपणाचें.

किंमतीविषयीं एक गुपित सांगतों. अमेरिकेच्या नियमांमुळें १९७४ पासून एमजीबीचे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले, गाडीहि किंचित् उंच झाली. रसिक नाकें मुरडतात, म्हणून ती स्वस्त मिळते. तसेंच उघड्या टपाच्या मोटारीपेक्षां जीटी कमी किंमतींत मिळते. वर इंग्लंडच्या पावसाथंडींत ती उबदार, आणि मागें सामानास जागा. पहिल्यानेंच घेणाऱ्या संसारी माणसास आम्ही निःशंकपणें गंज न लागलेली जीटीच सुचवूं.

चालू खर्च फारसा नाहीं. तेथें चाळीस वर्षें पूर्ण झालेल्या मोटारीस अर्ज केल्यावर वाहनकर माफ होतो. मूळ रूपांत फारसा बदल नसेल तर २०१८ पासून वार्षिक तपासणीचीहि सक्ती नाहीं. पण सक्ती नाहीं म्हणून ती टाळूं नये. ब्रेक आणि चाकें यांना कायद्याची माफी ठाऊक नसते. २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथॅनॉल असतें, तें जुन्या रबरी नळ्यांस बाधतें. यास्तव पांच टक्क्यांचें महाग पेट्रोल वापरावें. हिंवाळ्यांत रस्त्यांवर मीठ पसरतात, तेव्हां गाडी घरांत ठेवावी.

वडील मंडळींची काळजी मात्र आम्ही हंसण्यावारीं नेणार नाहीं. या मोटारींत आजच्या मोटारींतील हवेच्या उशा नाहींत, आधुनिक सुरक्षेचीं साधनें नाहींत. लहान मुलांना शाळेंत नेण्याचें हें वाहन नव्हे. त्यासाठीं दुसरी मोटार असलीच पाहिजे. किंमतीइतकीच कांहीं रक्कम दुरुस्तीसाठीं निराळी ठेवतां येत नसेल, तर अजून थांबावें. हप्त्यानें किंवा घराच्या कर्जांतून ही हौस कधींहि करूं नये. शिलकेंतून घेतलेली मोटार रविवारचा आनंद देते. कर्जांतून घेतलेली तीच मोटार सोमवारची झोप नेते.