निवडक अश्रू

ग्रॅनाडाचे नाव निघाले की आमच्या बैठकीत उसासे पडतात. अल्‌हम्ब्राची वर्णने रंगतात. बोस्नियाचे नाव निघाले की मुठी वळतात. यात वावगे काहीच नाही. पण त्याच बैठकीत युरोपातल्या यहुद्यांचा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणतो, 'हिटलरने बरेच केले.' आणि आम्ही गप्प बसतो. आम्हाला आज बोलायचे आहे ते या गप्प बसण्याविषयी.

युरोपच्या इतिहासात आमचे आणि यहुद्यांचे दुःख वेगवेगळ्या पानांवर लिहिलेलेच नाही. १२१५ साली रोममध्ये चर्चची चौथी लॅटरन परिषद भरली. ख्रिस्ती मुलखातल्या यहुद्यांनी आणि मुसलमानांनी वेगळे ओळखू येतील असेच कपडे घालावेत, असे तिने ठरवले. एकाच कलमात दोघे! माणूस ओळखता आला की वेगळा काढता येतो आणि वेगळा काढला की हाकलता येतो. इंग्लंडने १२९० मध्येच आपल्याकडचे सगळे यहुदी हाकलले.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनाडा पडले. आमचा दीन, आमच्या मशिदी, आमचा कायदा अबाधित राहील, असे वचन शरणागतीच्या करारात होते. तीनच महिन्यांत, ३१ मार्चला, त्याच ग्रॅनाडात यहुद्यांविरुद्ध फर्मान निघाले: चार महिन्यांत बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. फर्मान त्यांच्यासाठी आहे, आमच्या हाती तर करार आहे, असे तेव्हा कुणा मुसलमानाला वाटले असेल, तर तो निर्धास्तपणा दहा वर्षेही टिकला नाही. १४९९ मध्ये टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस ग्रॅनाडात आला. सक्तीचे बाप्तिस्मे झाले, अरबी ग्रंथांची होळी झाली. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांपुढेही तेच दोन पर्याय ठेवले गेले.

धर्म बदलून तरी सुटका झाली का? टोलेडोत १४४९ मध्येच 'रक्तशुद्धी'चा नियम झाला होता. बाटलेल्या यहुद्याच्या वंशजालाही शहरातली पदे बंद. तोच संशय पुढे मोरिस्कोंच्या, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांच्या, मागे लागला. १५६७ मध्ये त्यांची अरबी भाषा, पेहराव आणि हमामखाने यांवर बंदी आली. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवले गेले. कागदोपत्री ते ख्रिस्ती होते! म्हणजे प्रश्न आता श्रद्धेचा नव्हता, रक्ताचा होता. यहुद्यांसाठी घडवलेले हत्यार आमच्यावरही चालले.

आणि रोमा? लोक ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात, त्यांच्यामागे ना राज्य, ना दरबार. स्पेनने १७४९ मध्ये त्यांना हजारोंनी पकडून कैदेत टाकले. नाझींनी साठ लाख यहुदी मारले, तसेच लाखो रोमाही मारले. पण रोमांची कत्तल वंशसंहार होती हे मान्य करायला पश्चिम जर्मनीला १९८२ साल उजाडावे लागले. त्यांच्यासाठी आमच्या कुठल्या सभेत दुआ झाली?

'पण आज इस्रायल पॅलेस्टिनींवर जुलूम करते त्याचे काय?' असा सवाल येईल. त्या जुलमाविरुद्ध आम्ही बोललो आहोत, बोलत राहू. पण त्या जुलमाने ऑशविट्झच्या मारेकऱ्यांना माफी मिळत नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आमच्या शेजारी नांदलेल्या बेने इस्राएलांकडे पाहून ते हिटलरवाले वाक्य उच्चारण्याची हिंमत कुणी करील काय?

सारायेव्होच्या संग्रहालयात यहुद्यांचा एक धर्मग्रंथ आहे, हग्गादा. तो चौदाव्या शतकात स्पेनमध्ये लिहिला गेला आणि हाकललेल्यांच्या वाटेने बोस्नियात पोहोचला. १९४२ मध्ये नाझी अधिकारी तो न्यायला आले, तेव्हा संग्रहालयाचे मुसलमान ग्रंथपाल दरवीश कोरकुत यांनी जिवावर उदार होऊन तो लपवला. एका यहुदी मुलीलाही त्यांनी घरात आसरा दिला. पन्नास वर्षांनी, १९९२ मध्ये, सारायेव्होला वेढा पडला. तेव्हा तिथल्या मूठभर यहुद्यांच्या 'ला बेनेव्होलेन्सिया' या संस्थेने धर्म न विचारता सगळ्यांना औषधे दिली, जेवण दिले. जुलै १९९५ मध्ये मात्र संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. जगाने वचन दिले होते, ग्रॅनाडासारखेच.

आम्हाला कोरकुतांचे वारस म्हणवून घ्यायचे असेल, तर आधी आमची जीभ साफ करावी लागेल. अश्रू निवडून गाळणाऱ्याला न्याय मागण्याचा हक्क उरत नाही. पुढच्या बैठकीत ते वाक्य कानावर आले, तर निदान एकाने तरी उठून म्हणावे: भाईजान, १२१५ च्या त्या कलमात तुमचेही नाव होते.