हँग झालेला मोबाईल

गेल्या वैशाखांत तिवसा येथील आमच्या घरीं मोबाईल ऐन वेळीं हँग झाला. अमेरिकेंतील नातवाचा फोन यावयाचा, आणि आजी तिन्हीसांजेपासून वाट पाहत बसलेल्या! कोणी म्हणाले, ‘रीसेट करा.’ वाचकहो, हें मात्र करूं नये. फॅक्टरी रीसेटनें मोबाईलांतील सारीं छायाचित्रें पुसलीं जातात. अँड्रॉइड असल्यास पॉवरचें बटण सुमारें ३० सेकंद दाबून धरावें. कांहींना आवाज कमी करण्याचें बटणहि सोबत दाबावें लागतें. पडद्यावर खूण उमटतांच सोडावें. यानें आंतील कांहीं जात नाहीं. वऱ्हाडांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेला मोबाईल सावलींत निवूं द्यावा, फ्रिजमध्यें ठेवूं नये, आंत पाणी धरतें. चार्जिंगला लावून उशाखालीं ठेवण्याची खोड आमच्याहि घरीं आहे! आजींचा फोन रात्रीं अकराला लागला.