नाव बदललंस, पण सांगितलंस का?

नाव बदलायला किती वेळ लागतो? आमच्या प्रोजेक्टच्या रिपॉझिटरीत मला अर्धा मिनिट लागला. 'मास्टर' ब्रँचचं 'मेन' केलं आणि रूमवर जाऊन झोपलो. ग्रुपमध्ये कुणालाच बोललो नाही.

सकाळी रूम पार्टनरने पुल न करताच सवयीने 'मास्टर'वर पुश केलं. सर्व्हरवर त्या नावाची ब्रँच उरली नव्हती, म्हणून गिटने नवी तयार केली. एररसुद्धा नाही! दोन दिवस तो एकीकडे, आम्ही तिघं दुसरीकडे. डेमोच्या आदल्या रात्री कळलं की त्याचं लॉगिन मॉड्यूल आमच्या कोडमध्ये नाहीच. मर्ज करता करता उजाडलं. शिव्या मला पडल्या, आणि बरोबरच पडल्या.

नाव बदलणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन झालं, तेव्हा 'मास्टर' शब्दामागच्या मालक-गुलाम अर्थावर चर्चा झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहब नव्या रिपॉझिटरीला 'मेन' हेच नाव देऊ लागलं. आपल्याकडे मास्टर म्हणजे कपडे शिवणारा, म्हणून मुलं हसतात. पण शब्द ज्याला बोचतो त्याचं ऐकावं. आणि 'नावात काय आहे' असं धाराशिवकरांनी तरी म्हणू नये!

आपल्याच जिल्ह्याचं बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये नामांतराबाबत हरकती मागवल्या, सप्टेंबरमध्ये अंतिम अधिसूचना निघाली, मग प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ८ मे २०२४ ला निकाल लागला. नावाबद्दल लोकांची दोन मतं आहेत, त्या वादात मी पडत नाही. पण निदान आधी विचारलं तरी! मी तर तिघांनाही विचारलं नव्हतं.

जुन्या सर्टिफिकेटवर 'उस्मानाबाद' आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. गिटचंही तसंच. ब्रँच म्हणजे एका कमिटवर लावलेली चिठ्ठी. चिठ्ठी बदलली तरी जुने कमिट जसेच्या तसे राहतात. गिटहबवर नाव बदललं की वेबवरच्या जुन्या लिंकही नव्या नावाकडे वळतात. पण प्रत्येकाच्या लॅपटॉपवरची कॉपी आपोआप बदलत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेलं 'मास्टर'ही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नाव जरूर बदला, पण सगळ्यांचं काम पुश झाल्यावर. आधी स्क्रिप्टमध्ये जुनं नाव शोधा. मग प्रत्येकाच्या लॅपटॉपवर स्वतः बसून बदल करा. लॅबच्या मॅन्युअलमध्ये 'मास्टर' असेल, तर सरांनीही तेवढी ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

ज्याने नाव बदललं, त्यानेच दारोदार जाऊन सांगावं. हॉस्टेलमध्ये दारं तरी किती? फार तर तीन!