लहान ट्रॅक्टरचा ट्रेलर : आकार नव्हे, ताबा पाहावा

फळबागेत आणि लहान तुकड्यांत काम करणारा पंधरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आता पुष्कळ शेतकरी बंधूंच्या परिचयाचा झाला आहे. एका शेतातील काम आटोपले की तो दुसऱ्या शेतावर न्यावा लागतो. डांबरी रस्त्याने तो स्वतः चालवत नेला तर वेळ जातो, टायरांच्या खाचा झिजतात आणि मागून वेगाने येणाऱ्या वाहनांचे भय राहते. म्हणून तो ट्रेलरवर चढवून नेण्याचा विचार योग्यच होय. परंतु ट्रेलर घेताना बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो “यात किती माल बसेल?” हा. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा असावयास हवा : “भरलेला ट्रेलर थांबणार कसा?”

पुण्याजवळची विश्रांतवाडी पाहा. शेजारचे लोहगाव २०१७ साली महानगरपालिकेत आले. घरे वाढली, शेते लांब गेली. अवजारे मात्र याच रस्त्यांनी न्यावी लागतात. येथे आळंदीकडील, धानोरी-लोहगावकडील आणि येरवड्याकडील वाहतूक एकत्र येते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखीही याच वाटेने पुण्यात जाते. अशा ठिकाणी पुढील वाहन एकाएकी थांबले आणि मागील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले, तर तो ओढणाऱ्या गाडीला ढकलत नेतो किंवा आडवा फिरतो. त्या वेळी शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराचा काय अपराध?

म्हणून प्रथम वजनाचा हिशोब करावा. लहान ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्याचा रोटाव्हेटर २०० किलोचा आणि रिकामा ट्रेलर ५०० किलोचा धरला, तरी ओढावयाचे वजन १५०० किलो होते. आपल्या यंत्राचे खरे वजन त्याच्या पुस्तिकेत पाहावे. ओढणाऱ्या वाहनाच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येईल तेही पाहावे; तेथे असा आकडा दिलेलाच नसेल, तर ते वाहन या कामाचे नाही असे समजावे. “आमची गाडी सहज ओढते” हे उत्तर पुरेसे नाही. सपाट रस्त्यावर ओढणे सोपे असते. कस लागतो तो उतारावर.

बैलगाडी हाकलेल्या वडीलधाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येते, हे त्यांनी अनुभवलेले असते. तसेच मागे जास्त भरलेली गाडी उलाळ होते, हेही त्यांना ठाऊक असते. एका आसाच्या ट्रेलरला हाच नियम लागू आहे. भार मागे गेला की दांडी वर उचलली जाते आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो. एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भार दांडीवर यावा, अशा बेताने ट्रॅक्टर पुढेमागे करून उभा करावा. याउलट दांडीवर फार भार आला, तर ओढणाऱ्या गाडीची पुढील चाके हलकी होऊन ती वळणावर ऐकत नाही.

ट्रेलरचा तळ जितका जमिनीलगत तितका चांगला. तळ दोन फूट उंच असेल, तर चढणीच्या फळ्या निदान आठ फूट लांब असाव्यात. आखूड फळीवर चढ उभा होतो आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो. चढविताना ट्रेलर गाडीला जोडलेला असावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि मागे कोणीही उभे राहू नये. चढविल्यावर अवजार तळावर टेकवावे, हातब्रेक ओढावा आणि ट्रॅक्टर चारही बाजूंनी साखळीने किंवा ताणपट्ट्यांनी आवळावा. साखळी सांगाड्याला बांधावी. स्टिअरिंगला किंवा बॉनेटला नव्हे. जोडपिनेला अडकण हवी, शिवाय वेगळी सुरक्षासाखळी हवी. मागील दिवे व परावर्तक नसलेला ट्रेलर रात्री रस्त्यावर आणूच नये.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी व विमा आवश्यक आहे. गावच्या कारखान्यात जोडून घेतलेला ट्रेलर स्वस्त पडतो हे खरे. परंतु नोंदणी होणार नसेल, तर अपघातानंतर ती स्वस्ताई घर-शेतीवर येते. पैसे देण्यापूर्वी कागदपत्रांची खात्री करावी.

येथे कोणी म्हणेल, की ब्रेक, दिवे, नोंदणी हा सारा खर्च लहान शेतकऱ्याने कोठून करावा? आक्षेप रास्त आहे. तथापि वर्षातून मोजके दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घ्यावी असे कोठे आहे? पाच-सहा बिनब्रेकी ट्रेलरांपेक्षा गटाने किंवा अवजार भाडेकेंद्राने ठेवलेला एक चांगला ट्रेलर गावाला अधिक उपयोगी पडेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ट्रॅक्टरची प्रात्यक्षिके घ्यावीतच. त्यांबरोबर तो चढविण्याचे, बांधण्याचे व ट्रेलरचे ब्रेक तपासण्याचे प्रात्यक्षिकही घ्यावे. यंत्र शेतात किती काम करते याचा हिशोब आपण ठेवतो. ते शेतावर सुखरूप पोहोचून सुखरूप परत आले पाहिजे, हाही त्याच हिशोबाचा भाग आहे.