दुखत नाही, म्हणूनच दाखवा



छातीतल्या गाठीविषयी आपल्या घरांत बोललं जात नाही. सून सासूला सांगत नाही, अम्मी मुलीला सांगत नाही. धीर करून सांगितलंच तर विचारणा होते, "दुखतंय का? नाही ना? मग जिरून जाईल." घोळ होतो तो इथेच. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तेव्हा दुखो वा न दुखो, नवी गाठ डॉक्टरांना दाखवायचीच. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते घरी चाचपून ठरत नाही.

गाठीखेरीज आणखी काही खुणा लक्षात ठेवा: काखेत गाठ, एका स्तनाच्या आकारात अचानक फरक, कातडीवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, स्तनाग्र नव्यानेच आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, न भरणारं खरूज.

महिन्यातून एकदा आरशासमोर पाहा. पाळीनंतर काही दिवसांनी पाहणं चांगलं. पाळी थांबली असेल तर चांदची एक तारीख ठरवून घ्या.

डॉक्टर 'स्टेज' म्हणतात, म्हणजे आजार कुठवर पोहोचला ते. पहिल्या टप्प्यात गाठ साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत आणि स्तनातच असते. दुसऱ्यात ती वाढते किंवा काखेतल्या ग्रंथींपर्यंत जाते. तिसऱ्यात ग्रंथी एकमेकींना चिकटतात, किंवा आजार कातडी वा छातीच्या भिंतीपर्यंत जातो. चौथ्यात तो हाडं, फुप्फुसं, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचतो. शाळेत एका इयत्तेला एक वर्ष लागतं; या टप्प्यांना तसं वेळापत्रक नाही. म्हणून "ईदनंतर बघू", "लग्न आटोपलं की जाऊ" हे महागात पडतं.

लवकर पाहण्याने काय होतं, हे मुंबईत तपासून झालं आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झाली. मशीन नव्हतं, आणि तपासणाऱ्या प्रशिक्षित आरोग्यसेविका स्त्रियाच होत्या. 2021 साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या गटात आजार अलीकडच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्यांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या गटात मृत्यूंत असा फरक दिसला नाही. म्हणून तरुण वयात तर खूण दिसताच जाणं महत्त्वाचं.

शर्म वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागा, सोबत बहिणीला न्या. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा. राशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असू द्या. सुई टाकून तपासल्याने कर्करोग पसरतो, या ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. उपचार ठरवायला ती तपासणी लागतेच.

आणि भावांनो, घरातली बाई "काही नाही, छोटीशी गाठ आहे" म्हणाली तर त्याच आठवड्यात तिला घेऊन जा. ती स्वतःहून दुसऱ्यांदा सांगेलच असं नाही.