काळा पिक्सेल म्हणजे शून्य नव्हे

कर्करोग-संशोधनाच्या बातमीसोबत हल्ली एक फोटो ठरलेला असतो. काळ्या पार्श्वभूमीवर निळा-हिरवा-किरमिजी गोळा, आणि खाली ओळ, ‘प्रयोगशाळेत वाढवलेला मिनी-ट्यूमर’. व्हिडिओ असेल तर तो संथपणे फिरतोही. माझं भांडण त्या गोळ्याशी नाही, तो फिरवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी आहे. प्रतिमांवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर लिहिणं हाच माझा धंदा, त्यामुळे हे भांडण घरातलंच.

गोळा हवाच, हे आधी मान्य करतो. पेट्री डिशच्या सपाट तळावर पेशी जशा वागतात तशा शरीरात वागत नाहीत. मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली स्तनाच्या निरोगी आणि कर्करोगी पेशी उंदराच्या गाठीपासून काढलेल्या जेलमध्ये वाढवून दाखवल्या. निरोगी पेशी थांबून नीट पोकळ गोल करत, कर्करोगी पेशी वेड्यावाकड्या माजत. १९९७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून आलेलं काम तर थक्क करणारं आहे: पेशीच्या पृष्ठभागावरचं बीटा-१ इंटिग्रिन हे एक प्रथिन प्रतिपिंडाने अडवलं आणि बिघडलेल्या पेशी, जनुकं तीच असताना, पुन्हा शिस्तीत बसल्या. सपाट तळावर हे दिसलंच नसतं. (माणसाची गाठ समजून घ्यायला उंदराची गाठ लागते आणि त्या जेलची प्रत बॅचगणिक बदलते, हे वेगळं दुखणं. त्यात आज शिरत नाही.)

आता तो गोळा बघायचा कसा? पेशी प्रकाश विखुरतात. पारदर्शक न केलेल्या गोळ्यात कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने साधारण १०० मायक्रॉन आत गेलं की चित्र विझत जातं. ६०० मायक्रॉन व्यासाचा गोळा घ्या, खालून बघा, आणि प्रकाश पेशींमधून सरळ वर १०० मायक्रॉनच जातो असं धरा. शाळेतली भूमिती लावली तर जेमतेम पाव गोळा दिसतो. उरलेला पाऊण भाग काळा.

त्या काळ्या भागात काय असतं? ऑक्सिजनही पेशींच्या गर्दीत शे-दोनशे मायक्रॉनच आत झिरपतो. म्हणून मोठ्या गोळ्याच्या गाभ्यात पेशी मरतात, आणि गाभ्याभोवती एक थर जिवंत पण सुस्त राहतो. त्यातल्या पेशी विभाजित होत नाहीत, त्यामुळे विभाजित होणाऱ्या पेशींवर नेम धरणारी औषधं त्यांना फारशी लागत नाहीत. औषध तिथवर पोचतंच असंही नाही. उपचारानंतर रोग उलटण्याची भीती ज्या पेशींची, नेमक्या त्याच आपल्याला दिसत नाहीत.

आणि आम्ही इंजिनियर त्या जागी ० लिहितो.

डेटाबेसवर काम केलेल्या कुणालाही शून्य आणि नल यांतला फरक पहिल्या महिन्यात कळतो. खात्यात पैसे नाहीत आणि खात्याची माहिती नाही, या वेगळ्या गोष्टी. काळ्या व्होक्सेलचे निदान तीन अर्थ होतात: तिथे रंगणारं काही नाही, रंग तिथवर पोचला नाही, किंवा उजेड परत आला नाही. फाइलमध्ये तिन्ही सारखेच. पुढे खोलीनुसार उजळपणा वाढवला जातो, दोन थरांमधली जागा अंदाजाने भरली जाते, थ्रेशोल्ड लागतो, आणि शेवटी एक्सेलमध्ये ‘जिवंत पेशी इतके टक्के’ असा दशांश चिन्हासकट आकडा उतरतो. आता न्यूरल नेटवर्क आलंय. ते अंधाऱ्या भागात पेशींची अगदी पटण्याजोगी केंद्रकं काढून देतं. पटण्याजोगी, एवढंच.

यावर नेहमीचं उत्तर असं की चूक सगळ्या औषधांना सारखीच लागते, तुलना बिघडत नाही. हे साफ खोटं आहे. एखाद्या औषधाने गोळा विस्कटला तर तो पातळ होतो, आतला उजेड बाहेर येतो, आकडा हलतो. दुसऱ्याने तितक्याच पेशी मारल्या पण गोळा घट्ट राहिला, तर आकडा हलत नाही. आपण औषध मोजतोय की पारदर्शकता?

प्रकाशाचं पातं आडवं फिरवणारा लाइट-शीट सूक्ष्मदर्शक २००४ पासून आहे, गोळा पारदर्शक करायच्या पद्धतीही आहेत. पण पारदर्शक करायला बहुतेक वेळा पेशी आधी माराव्या लागतात. मग उपचारानंतर काय होत जातं ते बघणार कुठून?

हे सगळं शोधनिबंधांपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची कायदेशीर सक्ती काढली, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या नियमांतही ऑर्गनॉइडसारख्या पर्यायांना जागा मिळाली. निर्णय चांगलाच आहे. फक्त आता या चित्रांतून निघालेला आकडा औषध माणसापर्यंत पोचवण्याच्या कागदपत्रांत बसणार.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक व्होक्सेलला ‘दिसलं नाही’ ही तिसरी किंमत द्या, टक्केवारीसोबत किती घनफळ खरोखर पाहिलं ते छापा, आणि प्रक्रिया न केलेल्या मूळ प्रतिमा खुल्या ठेवा. यासाठी नवं गणित लागत नाही, दोन आठवड्यांचं काम आहे. अडचण दिसण्याची आहे, असं मला एका बैठकीत सांगितलं गेलं: पाऊण गोळा राखाडी दिसेल. दिसू दे की. मुखपृष्ठावर दुसरा फोटो टाका.