व्हिसाचा वर्ग आणि समीक्षेचे अज्ञान

परदेशी निघालेल्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो : आपला व्हिसाचा वर्ग नीट निवडा. जणू लाल डबा की शिवनेरी, एवढाच काय तो प्रश्न. दुसरीकडे आमची चर्चासत्रे या वर्गांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्या लेखी देश सोडणारे सगळेच 'डायस्पोरा' आणि त्यांचे सगळे लेखन 'स्मरणरंजन'. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. मात्र सल्लागारांपेक्षा समीक्षकांचा दोष मोठा, कारण नेमके वाचणे हा त्यांचा धर्म आहे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथील स्थलांतर कायद्याचे कलम २१४(ब) असे गृहीत धरते की, व्हिसा मागणारा कायमचा राहायलाच येतो आहे. तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे. म्हणून एफ-१ वर शिकायला जाणाऱ्याने वकिलातीच्या खिडकीपाशी 'मी परत येणार' असे सांगायचे असते. नोकरीच्या एच-१बी वर्गाला हे गृहीतक लागू नाही. तात्पुरते येणे आणि कायमचे राहावेसे वाटणे एकाच मनात नांदू शकते, हे तेथे कायद्याला मान्य आहे. त्यास 'दुहेरी हेतू' म्हणतात. मनाच्या या अवस्थेला रुक्ष कायद्याने नाव दिले. आमची समीक्षा मात्र अजूनही 'मातृभूमीची ओढ' आणि 'मुळे तुटणे' या दोनच खुंट्यांवर सगळ्या कथा टांगते आहे.

आता निवडीचे पाहू. एच-१बीसाठी पदवी हवी आणि अर्ज करणारी कंपनी हवी. वर्षाची मर्यादा ६५,०००. अमेरिकी विद्यापीठांतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये तर देशाबाहेरील कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लावणारा अध्यक्षीय आदेश निघाला. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येकांच्या बाबतीत दशकाहून लांबते. इतकी वर्षे राहूनही कायद्याच्या भाषेत तो माणूस 'स्थलांतरित' नसतोच. यातले त्याने काय निवडले?

त्याच्यामागून एच-४ वर येणाऱ्या पत्नीला २०१५ पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती. त्यानंतरही ती मिळाली ती केवळ पतीची ग्रीनकार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचलेल्यांना. अशा एखाद्या उच्चशिक्षित बाईची दुपार कथेत आली की आम्ही 'सांस्कृतिक एकाकीपण' असे लिहून मोकळे होतो. तिला काम करण्यास मनाई आहे, ही गोष्ट आमच्या टिपणात येतच नाही. तिच्या मुलाचे तर आणखी अवघड. एकवीस वर्षे पूर्ण होताच त्याचे एच-४ संपते. ग्रीनकार्ड तोवर हाती नसेल, तर लहानपणापासून तेथेच वाढलेल्या त्या मुलाला बहुधा एफ-१ चा आसरा घ्यावा लागतो. आणि एफ-१ ची अट अशी की आपले घर अन्य देशी आहे व तेथे परतण्याचा आपला हेतू आहे. ज्या घरी तो कधी राहिलाच नाही, त्या घराविषयीचे हे निवेदन! याहून मोठा कथाविषय आमच्या समीक्षकांस कोठे मिळणार आहे?

यावर कोणी म्हणेल, हा वकिलांचा प्रांत आहे. आम्ही विचारतो, कूळकायदा ठाऊक नसता कोकणातील खोत आणि कूळ यांची कथा शिकवण्यास कोण धजेल? दुसरा आक्षेप असा की, ही खात्यापित्या घरची माणसे, त्यांचे काय दुःख? आम्ही दया मागत नाही. उलट, 'आपली माणसे तिकडे हुशारीने पुढे आली' या फुशारकीलाही हाच प्रश्न विचारावा असे आमचे म्हणणे आहे. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे मोडून कुशल व्यावसायिकांना वाट करून दिली. ती चाळणी विसरून केवळ चाळलेल्या धान्याचे कौतुक चालते. आणि रत्नागिरीहून आखातात गेलेला कामगार, ज्याचे राहणे मालकाच्या करारावर आणि कुटुंब आणणे मिळकतीच्या अटीवर ठरते, तो आमच्या चर्चासत्रांत 'डायस्पोरा' म्हणून क्वचितच येतो. त्याचाही वर्ग कोणी विचारलेला नाही.

तेव्हा अध्यापकांना आमची एकच विनंती : स्थलांतराची कथा वर्गात वाचायला घ्याल, तेव्हा पात्र कोठून आले हे विचारतानाच ते कोणत्या व्हिसावर आले, हेही विद्यार्थ्यांना शोधायला लावा. 'परत जायचे की राहायचे' या प्रश्नाचे उत्तर कितपत त्या पात्राच्या हाती होते, हे त्याशिवाय कळणार नाही.